जहाजातून उतरलेला माणूस मूळचा कुठला? १८२० च्या इंग्रज वसाहतकऱ्यांचा माग

केपटाउनच्या रोलंड स्ट्रीटवर पूर्वी तुरुंग होता, त्याच जागी आज सरकारी दप्तरखाना आहे. तिथल्या खोक्यांमध्ये एक छापील अर्ज पुन्हापुन्हा हाताला लागतो. त्याला ‘डेथ नोटिस’ म्हणतात. माणूस वारला की घरातल्या कुणीतरी तो भरून द्यायचा. मयताचं नाव, जन्मस्थान, आईवडिलांची नावं, वय, लग्न झालं होतं का, कुणाशी, कोणत्या तारखेला आणि कुणाच्या घरी जीव गेला, मुलं किती, त्यांची नावं काय, मागे मालमत्ता काही आहे का. शेवटी भरणाऱ्याची सही.

१८२० साली इंग्लंडहून जहाजानं दक्षिण आफ्रिकेत आलेल्या वसाहतकऱ्यांचा शोध घेणाऱ्यांचे डोळे यातल्या ‘जन्मस्थान’ या रकान्याकडे लागलेले असतात. कधी तिथे नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं असतं. कधी जिल्ह्याचं नाव असतं. आणि नशीब चांगलं असेल तर एखाद्या खेड्याचं नाव असतं. ते खेडं सापडलं की तिथून आणखी दीडदोनशे वर्षं मागे जाता येतं, नाही सापडलं तर सगळा शोध समुद्रकिनाऱ्याशी येऊन थांबतो.

असं का, ते आधी सांगतो. इंग्लंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ रोजी. त्याआधीचा माणूस शोधायचा तर चर्चच्या वह्यांशिवाय मार्ग नाही. आणि त्या वह्या गावागावाच्या. प्रत्येक पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची, वही वेगळी. आपल्याकडे सातबारा काढायचा तर आधी गाव आणि तालुका सांगावा लागतो, नुसतं ‘पाटील, महाराष्ट्र’ सांगून भागत नाही. तसंच हे आहे. जॉन टेलर नावाची माणसं इंग्लंडात शेकड्यांनी होती, त्यातला आपला कोणता हे त्याच्या गावावरूनच ठरतं.

आता ही माणसं कोण, ते पाहू. नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५ साली संपलं आणि इंग्लंडात बेकारी आली. सैन्यातून सुटलेले लोक कामाच्या शोधात होते, विणकरांच्या मजुरीला उतरती कळा लागली होती, धान्य महाग होतं. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात सभेवर घोडेस्वार घातले गेले आणि माणसं मेली, यावरून त्या काळाची कल्पना यावी. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटिश संसदेनं ५०,००० पौंड मंजूर केले होते: लोकांना जहाजानं दक्षिण आफ्रिकेतल्या केप या ब्रिटिश वसाहतीच्या पूर्व टोकाला नेऊन वसवण्यासाठी. अर्ज करणाऱ्यांचा आकडा ९०,००० च्या घरात सांगतात. गेले सुमारे ४,०००.

सरकारचा हेतू निव्वळ दयेचा नव्हता. फिश नदीच्या अलीकडच्या झूरवेल्ड या भागातून १८११-१२ मध्ये कर्नल जॉन ग्रॅहमच्या फौजेनं सुमारे २०,००० खोसा लोकांना नदीपलीकडे हाकललं होतं. त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर गोऱ्या शेतकऱ्यांची दाट वस्ती झाली, की सरहद्द आपोआप राखली जाईल असा हिशेब होता. शेतीच्या आशेनं निघालेल्या कुटुंबांना हे कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

इथे एक धागा आपल्यापर्यंत येतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे लोक उतरत होते तेव्हा केपचा हंगामी गव्हर्नर होता सर रुफेन डाँकिन. हाच माणूस १८१७-१८ मध्ये पेंढारी आणि मराठ्यांवरच्या मोहिमेत ब्रिटिश फौजेची एक तुकडी घेऊन हिंदुस्थानात होता. त्या मोहिमेत पेशवाई बुडाली. १८१८ मध्येच त्याची तरुण पत्नी एलिझाबेथ मेरठला वारली. दोन वर्षांनी त्यानं अल्गोआ उपसागराच्या काठावरच्या नव्या वस्तीला तिचं नाव दिलं, पोर्ट एलिझाबेथ. टेकडीवर तिच्या आठवणीत दगडी पिरॅमिड बांधला. तो अजून उभा आहे. गावाचं सरकारी नाव मात्र २०२१ पासून खेबेरा आहे.

तर शोधाची रीत. पहिला नियम असा, की आपल्यापासून सुरुवात करून मागे जायचं. इंग्लंडातला कुणी आडनावबंधू धरून तिथून खाली उतरत यायचं नाही. वंशावळी बिघडतात त्या बहुतेक इथेच. कुणाला तरी त्याच आडनावाचा एक जमीनदार सापडतो, मन मोहात पडतं, मग मधल्या दोन पिढ्या अंदाजानं जोडल्या जातात. प्रत्येक पायरीला कागद हवा, आणि एका कागदाचा दुसऱ्याशी ताळा बसायला हवा.

दुसरा नियम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणताही कागद हातात आला की विचारायचं: हा कुणी लिहिला आणि कशासाठी? डेथ नोटिसच घ्या. १८३४ पासून ती वारसाहक्कासाठी न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागे. मालमत्ता कुणाला जाणार याचा तो कागद. त्यामुळे मुलांची नावं त्यात सहसा चोख असतात. एखादं नाव राहिलं तर भांडण होणार. जन्मस्थान आणि मयताच्या आईवडिलांची नावं मात्र भरणाऱ्यानं ऐकीव माहितीवरून लिहिलेली. आफ्रिकेत जन्मलेल्या मुलानं बापाचं इंग्लंडातलं गाव कधी पाहिलेलंच नसे. म्हणजे एकाच कागदावरचा एक रकाना पक्का आणि दुसरा कच्चा. हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पण एका कागदावर थांबू नये. ज्याचा शोध चालू आहे त्याच्या सगळ्या भावंडांच्या डेथ नोटिसा काढाव्यात. एकाच्या अर्जावर ‘इंग्लंड’ असेल, तर त्याच्या बहिणीच्या अर्जावर खेड्याचं नाव असू शकतं. वसाहतकऱ्यांच्या भागातल्या ग्रॅहम्सटाउन शहरात डिसेंबर १८३१ पासून ‘ग्रॅहम्स टाउन जर्नल’ हे वर्तमानपत्र निघत होतं, त्यातल्या जन्म-लग्न-निधनाच्या बातम्यांतही मूळगाव डोकावतं. त्या शहराचं नाव आता मखांडा. तिथल्या ऱ्होड्स विद्यापीठाच्या कोरी ग्रंथालयात आणि अल्बनी संग्रहालयात वसाहतकऱ्यांची पत्रं, रोजनिश्या, चर्चच्या नोंदी जपलेल्या आहेत. डेथ नोटिसा आणि चर्चच्या वह्यांच्या बऱ्याचशा प्रती ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

कधी जमिनीचं नावच पत्ता सांगतं. वसाहतकऱ्यांच्याच भागात बॅथर्स्ट गावाजवळ क्लंबर नावाची जागा आहे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायर जिल्ह्यात ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या वाड्याचं आणि बागेचं नाव क्लंबर. त्या जिल्ह्यातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली, ड्यूकनं पाठबळ दिलं, आणि थॉमस कॅल्टनच्या हाताखाली एक तुकडी ‘अल्बरी’ जहाजानं लिव्हरपूलहून निघाली. मे १८२० मध्ये ते अल्गोआ उपसागरात उतरले. म्हणून पणजोबा क्लंबरला पुरलेले असतील, तर शोध नॉटिंगहॅमशायरपासून सुरू करायला हरकत नाही. तेवढ्यानं सिद्ध काही होत नाही, पण दिशा मिळते.

तुकडी हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी कागदपत्रं तिच्याभोवती आहेत. एकट्यादुकट्यानं जाता येत नव्हतं. अठरा वर्षांवरचे निदान दहा धडधाकट पुरुष गोळा करणारा म्होरक्या लागे. दर पुरुषामागे, किंवा नवराबायको आणि चौदाच्या आतली दोन मुलं अशा कुटुंबामागे, दहा पौंड अनामत भरायची. मुलं जास्त असली किंवा मोठी असली की जास्त पैसे. ही अनामत तीन हप्त्यांत परत मिळणार: उतरल्यावर, जमिनीवर पोचल्यावर, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी. दर पुरुषामागे १०० एकर जमीन, पण ती म्होरक्याच्या नावे.

या व्यवस्थेनं कागदांचा ढीग तयार केला. म्होरक्यांनी लंडनला वसाहत खात्याला लिहिलेली पत्रं आणि धाडलेल्या नावांच्या याद्या आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘सीओ ४८’ या मालिकेत बांधून ठेवल्या आहेत. यादीत पुरुषाचं नाव, धंदा, वय, बायकोचं नाव, मुलांची नावं आणि वयं. पाहताच वाटतं, सगळं मिळालं.

इथेच सावध राहायचं. यादी महिनोन्महिने आधी गेलेली असे. जहाज निघायच्या वेळी कुणी घाबरून मागे फिरलं, कुणाच्या बायकोनं पाय मागे घेतला, कुणाला काम मिळालं. जागा रिकामी ठेवली तर म्होरक्याचं नुकसान. मग ऐनवेळी दुसरा माणूस भरला जाई, आणि तो पहिल्याच्या नावावर प्रवास करी. म्हणजे यादीत आहे तो गेलाच असं नाही, आणि जो गेला तो यादीत असेलच असंही नाही. वयांचंही तसंच. मूल चौदाच्या आतलं की बाहेरचं यावर पैसे ठरत असतील, तर चौदाच्या आसपासच्या वयावर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. धंद्याच्या रकान्यातही ‘शेतकरी’ लिहिलेले बरेच जण खरे सुतार, विणकर, चांभार होते. सरकारला शेतकरी हवे होते ना.

म्हणून इंग्लंडच्या यादीचा ताळा केपच्या कागदांशी घालायचा. उतरल्यावर रेशन कुणाला दिलं, अनामतीचा हप्ता कुणाच्या नावे निघाला, म्होरक्याविरुद्ध तक्रारअर्ज कुणी केला. तक्रारअर्ज तर सोन्यासारखे. कुणी स्वतःच्या आठवणी लिहिल्या असतील तर त्याही. लाकूड कापणारा जेरेमाया गोल्डस्वेन हा इंग्लंडातल्या ग्रेट मार्लोचा पोरगा कराराचा नोकर म्हणून आला. मोठेपणी त्यानं आपली हकीकत लिहिली, तीही शब्द जसा तोंडात आला तसा. शाळेचं शुद्धलेखन त्याला ठाऊक नव्हतं. ती वाचताना त्याचा बकिंगहॅमशायरचा हेल ऐकू येतो. शोध घेणाऱ्यानं यातून एक गोष्ट घ्यावी: आडनावाचं स्पेलिंग हा त्या काळी पुरावाच नव्हता. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. आडनाव मोठ्यानं उच्चारून पाहावं आणि जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधावं.

आता समजा, गाव मिळालं. इंग्लंडात चर्चच्या वह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा. पण सगळ्या वह्या सारख्या नाहीत, आणि इथे एक युक्ती फार कामाला येते. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील रकान्यांच्या झाल्या. त्याआधी ‘टॉमस आणि मेरीचा मुलगा जॉन’ एवढ्यावर बोळवण. १८१३ नंतर बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिणं आलं. १८२० साली गेलेला बाप जन्मला १७८५ च्या सुमारास, म्हणजे त्याची नोंद तोकडी. पण त्याची लहान मुलं १८१३ ते १८१९ या काळात इंग्लंडातच जन्मली असतील, आणि त्यांची नोंद भरघोस. म्हणून बापाच्या आधी त्याच्या मुलांचा बाप्तिस्मा शोधावा. शेवटच्या मुलाच्या नोंदीवरून जहाजावर चढण्याआधी कुटुंब कुठे राहत होतं आणि बाप काय काम करत होता, ते कळतं.

मग बापाचा जन्म. समजा त्या गावात १७८४ मध्ये टॉमस टेलरचा मुलगा जॉन सापडला. आनंद व्हायच्या आधी दफनाची वही उघडायची. हा जॉन लहानपणीच गेला का? लहान मुलं फार मरत, आणि पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा ठेवायची रीत होती. १७८४ चा जॉन १७८५ मध्ये पुरला गेला असेल, तर आपला जॉन हा १७८७ चा. हे न पाहता कित्येकांनी एका तान्ह्या मृत बाळाला आपला पूर्वज ठरवलं आहे. शेजारच्या पाचसात गावांच्या वह्याही चाळायच्या, कारण तिथेही एखादा टॉमस टेलर असतोच. जुन्या नोंदींत वर्षाचाही घोळ आहे. १७५२ च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे तेव्हाची ‘फेब्रुवारी १७४०’ म्हणजे आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १७४१.

गरिबांचा माग श्रीमंतांपेक्षा कधीकधी चांगला लागतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. त्याचं कारण १६६२ चा कायदा. गरीब माणसाला मदत करायची जबाबदारी त्याच्या ‘स्वतःच्या’ पॅरिशची. मग हा माणूस कुठल्या पॅरिशचा, यावरून गावागावांत तंटे. म्हणून मदत मागणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून त्याची जबानी घेत: जन्म कुठला, बाप कुठला, कुणाच्या हाताखाली धंदा शिकला, कुणाच्या घरी सालगडी म्हणून पूर्ण वर्ष राहिला का, लग्न कधी झालं. अविवाहित गड्यानं सलग एक वर्ष चाकरी केली की त्या गावाचा हक्क त्याला लागे. त्यामुळे कित्येक मालक ५१ आठवड्यांवरच गड्याला मोकळं करत. निरक्षर शेतमजुराचं अख्खं आयुष्य अशा एका पानावर उतरलेलं सापडतं. हे कागद जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत असतात. जे १८२० च्या जहाजांवर चढले त्यांतले बरेच जण याच थरातले, तेव्हा हा कप्पा उघडल्याशिवाय शोध सोडू नये.

गाव सापडतच नसेल तर मागे राहिलेल्या भावाकडे वळावं. गेलेला माणूस इंग्लंडच्या १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत असणार नाही, पण त्याचे म्हातारे आईबाप, भाऊ, बहिणी असतील. १८५१ च्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव विचारलं होतं. आडनाव जरा दुर्मिळ असेल, केपहून लिहिलेल्या एखाद्या पत्रात ‘भाऊ अमुक’ असा उल्लेख असेल, तर तो भाऊ जनगणनेत गाठायचा आणि त्याचं जन्मगाव तेच बहुधा आपलं गाव.

डीएनए चाचणीबद्दल लोक फार विचारतात. ती उपयोगी आहे, पण १८२० म्हणजे सहासात पिढ्या झाल्या. इतक्या लांबच्या चुलतभावंडांत कधीकधी जुळणारा एकही तुकडा उरत नाही. जुळलं तर कागदांना आधार मिळतो. न जुळण्यावरून मात्र काहीच ठरत नाही.

ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचं काम तुलनेनं सोपं. व्हिक्टोरियात १८५३ पासूनच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं राहिला, लग्न कुठे झालं, मुलं, इतकं सगळं मागितलेलं असे. केपच्या १८२० वाल्यांना असं काही आयतं मिळत नाही.

शिवाय त्यांचे कागद जळालेही. जमीन शेतीला वाईट निघाली, १८२० पासून ओळीनं तीन वर्षं गव्हावर तांबेरा पडला, १८२३ मध्ये पूर आला. निम्म्याहून अधिक लोक शेतं सोडून गावांत आपापल्या जुन्या धंद्याला लागले. म्हणून माणूस त्याला मिळालेल्या जमिनीवर सापडत नसेल तर ग्रॅहम्सटाउनमध्ये पाहावं. १८३४-३५ च्या युद्धात खोसा सैन्यानं वसाहतीतली घरं पेटवली, तेव्हा घरातली बायबलं गेली, आणि पहिल्या पानावर लिहिलेली मुलांची जन्मतारीखही त्यांच्याबरोबर गेली.

त्या आगीच्या पलीकडच्या बाजूची माणसं या शोधात दिसत नाहीत, याची मला टोचणी लागते. ज्यांची जमीन घेतली त्या खोसांसाठी ना याद्या होत्या, ना अनामतीच्या पावत्या. वसाहतीच्या कागदांत ते येतात ते बहुधा ‘गुरं चोरली’ या तक्रारीत. त्यांची वंशावळ वेगळ्या जागी जपली गेली: ‘इझिदुको’, म्हणजे कुळाची नावं आणि त्या कुळातल्या थोर पूर्वजांची नावं, जी माणसं तोंडपाठ म्हणतात, एकमेकांना त्या नावानं मान देऊन हाक मारतात. ज्याला गोत्र, कूळ, देवक माहीत आहे त्याला ही रीत लगेच उमगेल. वसाहतकऱ्याच्या एखाद्या शेताचा इतिहास लिहिताना ती जमीन आधी कुठल्या कुळाची होती हेही विचारायला हवं, नाहीतर इतिहास १८२० पासून सुरू झाला असं वाटत राहतं.

आणि बायका. तुकडीच्या यादीत नवऱ्याचं आडनाव, बायकोचं फक्त पहिलं नाव: मेरी, अ‍ॅन, सारा. डेथ नोटिशीत पुष्कळदा तिच्या आईबापांच्या जागी रेघ. माहेर सापडायला एकच वही उरते. १७५४ पासून इंग्लंडात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांची लग्नं सरकारमान्य चर्चमध्येच लागायची, आणि वहीत वर, वधू आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या लागायच्या. मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे असले तरी लग्न तिथेच. त्या नोंदीत तिचं माहेरचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं. साक्षीदार बरेचदा तिचा भाऊ किंवा बहीण. तिला लिहिता येत नसे, म्हणून कारकून ‘मेरी हिची खूण’ असं लिहून मध्ये जागा सोडे, आणि ती बोरूनं तिथे फुली मारी. शाई कधी पसरलेली, कधी एक रेघ दुसरीपेक्षा जोरात ओढलेली.